चाळीस नंबरचे सुपडू जिभाऊ

सुपडू जिभाऊंच्या डाव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट ही दोन बोटे दिवसभर मलमलीच्या पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेली असत. उरलेली आठ बोटे मोटार-मिस्तरीला शोभतील अशीच होती. काळी, चिरलेली, नखांत वर्षांचे ग्रीस मुरलेली. ही दोन मात्र सोवळ्यात. त्या बोटांनी जिभाऊ पाना धरीत नसत, बिडी धरीत नसत, भाकरी मोडीत नसत. चहाची बशीदेखील ते त्या हाताच्या राहिलेल्या तीन बोटांवर अशी तोलीत की पाहणाऱ्याचा जीव बशीत अडकून राही.

ती बोटे मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझा गैरसमज झाला, आणि तो माझ्या व्यवसायाला धरूनच होता. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षे. मी नंदुरबारला वकिली करीत होतो. नंदुरबार तेव्हा जिल्हा नव्हता. प्रत्येक अपिलासाठी आम्हाला धुळ्याला जावे लागे. या अन्यायाविरुद्ध मी सरकारला पाठविलेल्या पत्रांची पोच नियमाने येई, उत्तर येत नसे. अशाच एका खेपेला माझी जुनी काळी गाडी विसरवाडीच्या फाट्यावर निळा धूर ओकू लागली. नंदुरबारचा रस्ता जिथे सुरत-धुळे रस्त्याला मिळतो तिथे, मालमोटारी थांबत त्या जागेला लागून, एका निंबाखाली जिभाऊंचे पत्र्याचे छप्पर होते. मी गाडी तिथे लावली, आणि माझे लक्ष गाडीवरून त्या पट्टीकडे गेले.

"किती दिवस झाले?" मी विचारले.

"कसाले?"

"बोटांना इजा होऊन. कोणत्या मालकाकडे झाली त्याचे नाव सांगा. कामगार नुकसानभरपाईचा कायदा एकोणीसशे तेवीस सालचा आहे. आपल्या भागात एकाही मालकाने तो वाचलेला नाही. मी त्याला वाचायला लावतो."

जिभाऊंनी एकदा माझ्याकडे आणि एकदा आपल्या हाताकडे पाहिले. "मालक मीच शे, साहेब," ते म्हणाले. "आनी हाई दुखापत नही. हाई आवजार शे."

मग त्यांनी ती पट्टी सोडली. माझ्या गाडीच्या इंजिनातले तेल मोजायची काठी उपसून तिच्या टोकाचा एक थेंब अंगठ्यावर घेतला, त्यावर बोट ठेवले आणि डोळे मिटून ते दोन्ही एकमेकांवर हळूहळू फिरवू लागले. लांबच्या देवळातले भजन ऐकावे तशी त्यांची मुद्रा झाली होती.

"कोन घाली दिन्हं हाई तेल?"

"नंदुरबारच्या दुकानदाराने. तीस नंबर आहे."

"तीस नंबर म्हनीसन दिन्हं. येन्हामा वीस मिसाळेल शे. आनी गाडी महिनाभर उभी व्हती."

न्यायालयाची उन्हाळी सुट्टी नुकतीच संपली होती. गाडी खरोखरच महिनाभर उभी होती. दुकानदाराला मी त्याच रात्री नोटीस लिहिली. तिच्या मसुद्यात 'तज्ज्ञाचे मत' म्हणून दोन बोटांचा उल्लेख करावा की नाही, यावर माझा बराच वेळ गेला.

खानदेशात वडीलकीच्या माणसाला जिभाऊ म्हणतात. सुपडू जिभाऊ तेव्हा पन्नाशीचे असतील, पण त्यांच्याहून थोर वयाची माणसेही त्यांना जिभाऊच म्हणत. गुणांनी ते साधे मिस्तरी होते. ब्रेक, गिअर, दिवे ही कामे ते करीत, परंतु मन लावून नव्हे. त्यांचे मन होते इंजिनच्या तेलात. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांच्या जीपा, नवापूरच्या लाकूड-व्यापाऱ्यांच्या मालमोटारी, मिशनच्या गाड्या या सगळ्यांना कोणते तेल घालायचे याचा निवाडा विसरवाडीला होई, आणि त्या निवाड्यावर अपील नसे.

निवाड्यापूर्वी उलटतपासणी असे. मी आयुष्यभर साक्षीदार तपासले. अशी तपासणी मला साधली नाही.

"कोठे जाई ऱ्हायनात?"

"खापरला."

"येकलेच?"

"मी आणि सौभाग्यवती."

"येताना?"

"येतानाही तीच."

"तसं नही साहेब. येताना सामान कितलं? माहेरनं सामान व्हई ना?"

सासुरवाडीहून परतताना गाडीत शेंगांची दोन पोती चढणार आहेत, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. जिभाऊंना होते. त्यांनी जास्त जाड, चाळीस नंबरचे तेल घातले.

दुसऱ्याने हाकायची गाडी असेल तर चौकशी आणखी खोल जाई. एका व्यापाऱ्याने आपला चालक पुढे केला. पोरसवदा नव्हता, चांगला तिशीचा होता.

"त्यानं लगीन व्हयेल शे का?" जिभाऊंनी व्यापाऱ्यालाच विचारले.

"झाले की. या वैशाखात."

"मंग चाळीस. हाऊ गडी घर जावानी घाईमा इंजिन तपाडी."

चालक लाजून निंबाच्या मागे गेला. "अन् एक पोर झाल्यावर?" व्यापाऱ्याने विचारले. "मंग तीस," जिभाऊ गंभीरपणे म्हणाले. "तव्हय तो सावकाश घर जाई."

त्यांचा दुसरा नेम बसण्याचा होता. गाडी आली की ते ती सपाट फरशीवर लावायला सांगत. ही फरशी त्यांनी पाणी ओतून, पाणी कोणत्याही बाजूला पळत नाही अशी खात्री करून बसविली होती. इंजिन बंद झाले की लगेच काठी उपसून पाहायला ते कोणालाही देत नसत. "बठा," ते म्हणत. "तेल उतरू द्या." वर चढलेले तेल खाली तळाशी येईपर्यंत मालकाने खाटेवर बसायचे. चहा यायचा. जिभाऊ बोलायचे, पावसावर, मिरचीवर, सातपुड्यातल्या रस्त्यांवर, कोणाच्या गाडीला कोणता आवाज आहे त्यावर. दहा मिनिटांनी काठी निघायची. पण काही वेळा तेल उतरायला अर्धा तास लागे, आणि हे तेल विशेषतः दुपारच्या शांत वेळी फार सावकाश उतरते, हे माझ्या लक्षात आले होते. त्याचा अर्थ मात्र लक्षात आला नव्हता.

एकदा दौऱ्यावरचा एक सरकारी अधिकारी तिथे आला. त्याला घाई होती. अधिकाऱ्यांना असतेच, फक्त आमच्या अर्जांच्या बाबतीत नसते. त्याच्या चालकाने काठीवरच्या वरच्या रेघेच्याही वर तेल भरायला सांगितले. म्हणजे वारंवार पाहायला नको.

"नही," जिभाऊ म्हणाले.

"सरकारी गाडी आहे," अधिकारी म्हणाला.

"गाडी सरकारी शे, साहेब. इंजिन सरकारी नही. रेघना वर तेल दिन्हं का ते फेस करस, मंग तेल ऱ्हास पन काम करत नही." आणि मग: "बठा. तुमनं बी उतरू द्या."

तो अधिकारी बसला. मी खाटेच्या दुसऱ्या टोकाला होतो. एवढे समाधान मला फार थोड्या निकालांनी दिले आहे.

माझा आणि जिभाऊंचा एकदा जाहीर मतभेद झाला. माझ्या गाडीबरोबर विलायतेत छापलेले एक पुस्तक आले होते. त्यात स्पष्ट लिहिले होते: उन्हाळ्यात तीस, हिवाळ्यात वीस. जिभाऊ वैशाखात चाळीस घालायला निघाले. मी पुस्तक उघडून पान त्यांच्यासमोर धरले. छापील मजकुरावर माझी श्रद्धा आहे. तोंडी पुराव्याने लेखी दस्तऐवजातला मजकूर खोडून काढता येत नाही, हे तत्त्व मी त्यांना समजावून सांगितले.

"ते पुस्तक थंडा मुलुखनं शे, साहेब," जिभाऊ म्हणाले. "इंजिन आठे विसरवाडीमा शे. इंजिनले ईचारा."

मी इंजिनला न विचारता कंपनीला विचारले. चार पानी पत्र लिहिले, नोंदणी करून पाठविले. चार महिन्यांनी उत्तर आले की, उष्ण प्रदेशात एक नंबर जाड तेल वापरणे इष्ट. मी ते पत्र घेऊन गेलो आणि मराठी करून वाचून दाखविले. माझ्या व्यवसायात पराभूत पक्षाने निकाल वाचून दाखविण्याची प्रथा नाही, तरी दाखविला. जिभाऊंनी विजयाचा एक शब्द काढला नाही. फक्त म्हणाले, "भला मानसं शेत. त्यास्नी बी कोनले तरी ईचारं व्हई."

जिभाऊ छपराच्या मागच्या खोलीत एकटे राहत. बायको लग्नानंतर थोड्या वर्षांत गेली होती; मूल नव्हते. भाऊबंद साक्रीकडे होते, त्यांचे येणे-जाणे नव्हते. हे सारे मला दुसऱ्यांकडून कळले. ज्या माणसाला प्रत्येक गाडीमालकाच्या सासरचे सामान ठाऊक असे, त्याने स्वतःविषयी एक वाक्य सांगितल्याचे मला आठवत नाही.

आता नरोत्तमभाईंच्या जीपची हकीकत सांगतो. ती सांगण्याचा अधिकार मला फार उशिरा मिळाला आहे.

नरोत्तमभाई हे तापीकाठचे मातबर गुजर शेतकरी. केळी, कापूस, ऊस. स्वभावाने मोकळे, आवाजाने त्याहून मोकळे. साठ सालाच्या मागेपुढे त्यांनी जीप घेतली आणि घरच्या बैलगाडीची देखणी जोडी विकली. जीप ते स्वतः चालवीत. तेल मात्र सुरतेच्या वाटेवर विसरवाडीला थांबून जिभाऊंकडूनच घालीत. एका हिवाळ्यात त्यांच्याकडे कच्छकडचे पाहुणे आले. त्यांना तोरणमाळचे तळे दाखवायला नरोत्तमभाई जीप घेऊन निघाले. आठच दिवसांपूर्वी जिभाऊंनी तेल बदलून दिले होते. तोरणमाळच्या उभ्या चढणीवर इंजिन घरघरले आणि जागीच जाम झाले. सहा पाहुणे, त्यात दोन म्हाताऱ्या, घाटातून पायी खाली उतरले. जीप पायथ्यापर्यंत बैलांनी ओढली.

नरोत्तमभाईंचा अपमान झाला होता, आणि अपमान झालेला माणूस कायद्याकडे फार लवकर वळतो. त्यांनी नंदुरबारच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला: प्रतिवादी सुपडू मिस्तरी याने अयोग्य व निकृष्ट तेल घालून वादीच्या इंजिनचे नुकसान केले. तेवढ्याने भागले नाही. नवापूरच्या बाजारात त्यांनी मोठ्याने सांगितले, "जिभाऊनी बोटं आते बोथट व्हई गयात."

हे वाक्य दाव्यापेक्षा लवकर पसरले. महिन्याभरात फाट्यावरच्या मालमोटारी छपरासमोरून सरळ पुढे जाऊ लागल्या. मी वकीलपत्र घेण्यासाठी गेलो त्या दिवशी जिभाऊ रिकाम्या फरशीकडे तोंड करून खाटेवर बसले होते. चहा आला, तो प्यायला आम्ही दोघेच.

"घाबरू नका," मी म्हणालो. "दावा टिकणार नाही. भरपाईचा प्रश्नच येत नाही."

"भरपाईनं काय, साहेब," ते म्हणाले. "गाड्या नही उन्यात ते मी कोनसंगे बोलसू?"

मी ते वाक्य टिपून घेतले नाही, कारण कैफियतीत ते कुठे बसत नव्हते.

इंजिन उघडून पाहणे आवश्यक होते. उभय पक्षांच्या संमतीने जीप एका मालमोटारीमागे बांधून विसरवाडीला आणली. तिच्याबरोबर नरोत्तमभाईंचा म्हातारा गाडीवान रूपजी आला होता. रूपजी भिल्ल, नरोत्तमभाईंच्या वडिलांच्या वेळेपासून त्या घरची बैलगाडी हाकणारा. बैल विकल्यापासून त्याला जीप पुसण्याचे काम दिले होते. तो जीपमधून उतरला आणि कोणाशी न बोलता निंबाखाली उकिडवा बसला.

जिभाऊंनी इंजिनचा तळ सोडला. थाळीत जे आले ते तेल म्हणावे असे नव्हते. डिंकासारखे काही होते. त्यांनी पट्टी सोडली, थेंब घेतला, डोळे मिटले. या वेळी फार वेळ लागला. डोळे उघडले तेव्हा ते माझ्याकडे न पाहता निंबाकडे पाहत होते. मग तेल गाळणारी जाळी काढून त्यांनी तिच्यात अडकलेले काहीतरी चिमट्याने ओढले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले.

"काय आहे ते?" मी विचारले.

"कचरा शे."

"कसला कचरा? पंचनाम्यात लिहावा लागेल."

"कचरा म्हंजे कचरा, साहेब."

"जिभाऊ, हा पुरावा आहे! पुरावा खिशात घालायचा नसतो! तुम्ही प्रतिवादी आहात, आणि मी तुमचा वकील आहे."

"बठा, साहेब," जिभाऊ म्हणाले. "उतरू द्या."

माझे उतरले नाही. मी तसाच नंदुरबारला परतलो आणि सात पानांची कैफियत लिहिली. आजही मी ती माझ्या चांगल्या लेखनात गणतो. तज्ज्ञाच्या मताविषयीचे कलम पंचेचाळीस, वादीचा निष्काळजीपणा, घाटाचा चढ, प्रवाशांची संख्या, सारे क्रमाने मांडले होते. ती वाचून दाखवायला मी पुन्हा विसरवाडीला गेलो. जिभाऊंनी शेवटपर्यंत ऐकली.

"झकास शे," ते म्हणाले. "आते काढी टाका."

"काढी टाका म्हणजे?"

"तडजोड करी टाकू. इंजिन मी उभं करी दिसू. मन्ही मेहनत, मन्हं सामान."

"म्हणजे चूक कबूल?" मी जवळजवळ ओरडलो. "तुमची चूक होती?"

"नही. तसं लिखू नका. इंजिन करी दिसू, इतलंच लिखा. आनी आखो एक कलम घाला."

ते कलम, तडजोडपत्रातले चौथे, त्यांनी अहिराणीत सांगितले आणि मी दात आवळून कायद्याच्या मराठीत उतरविले. यापुढे सदर जीपचे तेल वादीच्या घरचा गाडीवान रूपजी यानेच पाहावे व घालावे. त्यासाठी त्याने दर पंधरवड्याला, विसरवाडीच्या बाजाराच्या दिवशी, जीपसह प्रतिवादीकडे यावे. प्रतिवादीने त्यास हे काम शिकवावे. आणि जीप वादीच्या घरी आहे तोवर या कामावरून रूपजी यास दूर करू नये.

"हे कलम न्यायालयात हास्यास्पद ठरेल," मी सांगितले.

"हसू द्या," जिभाऊ म्हणाले. "हसनात ते मंजूर करतीन."

नरोत्तमभाई तर मोठ्याने हसले. "घाला ना, वकीलसाहेब! मन्हं काय जास? तो म्हतारा तसाबी बठेलच शे." न्यायाधीशांनी तडजोडपत्र वाचताना चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि चौथे कलम दुसऱ्यांदा वाचले. मग दावा तडजोडीने निकाली निघाला.

न्यायालयाच्या पायऱ्या उतरताच मी जिभाऊंना थांबविले. माझ्या अशिलाने माझ्यापासून काहीतरी लपविले होते, आणि एवढी वर्षे वकिली केल्यावर मला ते सहन होणारे नव्हते. जिभाऊंनी आजूबाजूला पाहिले, खिशात हात घातला आणि कागदाची पुडी उघडली. आत अंबाडीच्या तंतूंचा एक काळा बोळा होता. त्यांनी तो माझ्या नाकाजवळ धरला. एरंडेलाचा वास.

"हाऊ बैलगाडीना नळाना बोळा शे," ते म्हणाले.

मग मला उमगले. आमच्याकडे प्रत्येक बैलगाडीला बांबूचा एक नळा टांगलेला असे. त्यात एरंडीचे तेल आणि ते आसाला लावायला अंबाडीचा बोळा. मालक लांबच्या वाटेला निघाला की चांगला गाडीवान न सांगता आसाला वंगण देई. मालकाने ते सांगावे लागणे यात गाडीवानाची नामुष्की असे. तोरणमाळच्या आदल्या दिवशी रूपजीने तेच केले होते. जिभाऊ कुठून तेल घालतात ते त्याने पाहिले होते. त्याने नळा तिथे रिकामा केला, आणि इंजिनच्या तेलात मिसळून एरंडेलाचा डिंक झाला.

"त्याने तुम्हाला सांगितले?"

"नही. मी बी नही ईचारं. बोटले कळनं." जिभाऊंनी पुडी मिटली. "चाळीस साल तेच काम करं, साहेब. बैल इकी टाकात, जीप उनी. त्याले वाटनं, इले बी दूर जावानं शे, इले बी वंगन लागी. त्यानं काय चुकनं?"

"पण हे मला आधी का सांगितले नाही?" मी संतापून विचारले. "वकील आणि अशील यांच्यातले बोलणे गोपनीय असते! पुरावा अधिनियम, कलम एकशे सव्वीस! न्यायाधीशसुद्धा मला ते विचारू शकत नाहीत!"

"तुम्हले सांगतू ना साहेब," जिभाऊ अगदी सौम्यपणे म्हणाले, "ते तुम्ही लिखी टाकतात."

ते खरे होते. ती कैफियत सात पानांची न होता एका पानाची झाली असती, दावा पहिल्याच तारखेला फेटाळला गेला असता, आणि त्याच संध्याकाळी रूपजी तापीकाठच्या त्या घरातून कायमचा बाहेर पडला असता. मी विजयाचे पत्र लिहून टाकले असते. आज हे लिहितो आहे ते तिघेही गेल्यावर. नरोत्तमभाई शेवटपर्यंत अजाण राहिले.

कलम चौथे हास्यास्पद ठरले नाही. ज्याने दावा लावला त्याचीच जीप दर पंधरवड्याला जिभाऊंच्या फरशीवर उभी दिसू लागल्यावर बाजारातले ते वाक्य आपोआप मागे पडले. मालमोटारी पुन्हा थांबू लागल्या. इतका चांगला मसुदा मी स्वतः आयुष्यात केलेला नाही.

रूपजी पहिल्या दिवशी जीपच्या पुढच्या झाकणाला हात लावायला तयार नव्हता. नरोत्तमभाई जीप लावून बाजारात गेले होते; मी तिथे होतो. जिभाऊंनी काठी त्याच्या हातात दिली, आणि ती त्याने दोन्ही हातांनी धरली.

"हाई कितलं पेस?" त्याने विचारले.

"या रेघपावत. येन्हा वर नही, येन्हा खाले नही."

"बैल तं मन भरस तवलोंग पेस."

"बैलले समजस रे भाऊ. इले समजत नही. म्हनीसन तू लागस इले."

रूपजीने काठीवरची रेघ नखाने चाचपली. मग जिभाऊंनी त्याला विकलेल्या बैलांची नावे विचारली. त्याने ती सांगितली. तांबड्या बैलाला कुठे खाजवलेले आवडे तेही सांगितले. आणि सगळ्या फाट्याला बोलणे पुरविणारे जिभाऊ त्या दिवशी गप्प बसून ऐकत होते. रूपजीने एरंडेलाचा उल्लेख केला नाही. जिभाऊंनीही केला नाही. परंतु पुढे जीपच्या तेलाच्या तोंडावर रूपजी दरवेळी मलमलीचा स्वच्छ तुकडा बांधूनच तेल ओती, आणि कचऱ्याचा कण दिसला तर तो उजेडात धरून पाही.

चार-पाच वर्षांनी नरोत्तमभाईंनी जीप विकून मोटार घेतली आणि तिच्यासाठी पगारी चालक ठेवला. जीप गेली तसे कलम चौथेही संपले. त्याची मुदतच तशी लिहिली होती, आणि लिहिणारा मीच होतो. रूपजीला त्यांनी घरी राहू दिले, पण त्याला आता काम नव्हते. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी धुळ्याला जाताना विसरवाडीला थांबलो, तेव्हा जिभाऊ रस्त्याकडे पाहत उभे होते. बस आली. तिच्यातून रूपजी एकटा उतरला. तो फरशीपाशी आला आणि रिकाम्या फरशीकडे पाहून थांबला. जिभाऊही त्याच्या शेजारी येऊन फरशीकडे पाहू लागले. दोघे तसेच उभे राहिले.

मी माझी गाडी फरशीवर घेतली. तेल कालच पाहिले होते, हे मी सांगितले नाही.

त्यानंतर माझी धुळ्याची बरीच कामे बाजाराच्या दिवशी निघू लागली. कधी काम नसले तर मी काढले. दर वेळी गाडी फरशीवर लागे, इंजिन बंद होई, आणि ते दोघे म्हातारे खाटेवर शेजारी बसून तेल उतरण्याची वाट पाहत. मग रूपजी काठी उपसून जिभाऊंना दाखवी, जिभाऊ पाहून रूपजीला परत देत, रूपजी ती पुसून पुन्हा घाली. त्यांचे बोलणे बहुधा बैलांवरून सुरू होई आणि कोठेही जाई.

एका सकाळी धुळ्याला माझे अपील पुकारले जाण्याची वेळ जवळ आली होती, आणि मी अजून साक्रीसुद्धा गाठली नव्हती. काठी तीनदा आत-बाहेर झाली होती.

"साहेब, तेल बराबर शे," जिभाऊ म्हणाले. मग थोडे अडखळून, गाडीकडे पाहत, "पन रूपजी म्हनस, आखो एकडाव देखी लिऊत."

रूपजीने काही म्हटलेले मी ऐकले नव्हते. तो निमूटपणे काठी पुसत होता.

"बघा," मी म्हणालो, आणि अंगातला काळा कोट काढून त्यांच्या शेजारी खाटेवर बसलो.